दर्या की दऱ्या? लिनक्सला मराठी शिकवणाऱ्यांचा खटाटोप

रत्नागिरी, प्रतिनिधी - 'दर्या' आणि 'दऱ्या' या दोन शब्दांतील भेद कोकणातील माणसाला समजावून सांगावा लागत नाही. एक पश्चिमेला पसरलेला, तर दुसऱ्या पूर्वेला सह्याद्रीच्या पोटात. पहिल्या शब्दातील 'र' पुढच्या अक्षराच्या माथ्यावर रफार होऊन बसतो, दुसऱ्यातील 'र' आडवा होऊन 'य'ला बिलगतो. संगणकाला मात्र हा भेद बराच काळ नीट कळत नव्हता. दऱ्यांचा दर्या होई, आचाऱ्यांना दिलेले मानधन आचार्यांच्या नावे पडल्यासारखे दिसे, आणि 'किनाऱ्यावर' हा साधा शब्द पडद्यावर मध्येच पाय मोडलेला 'र' दाखवीत तुटक उमटे. देवनागरीतच लिहिल्या जाणाऱ्या हिंदीसारख्या मोठ्या भाषेला या आडव्या 'र'ची गरज नाही. त्यामुळे ज्याला ही चूक खुपावी असा माणूस बहुधा मराठीच असतो.

अशी चूक खुपलेल्या माणसाने करावे काय? बाजारात विकत मिळणाऱ्या प्रणालीच्या बाबतीत कंपनीला कळवावे आणि वाट पाहावी, एवढेच त्याच्या हाती असते. लिनक्स या मुक्तस्रोत संगणक प्रणालीच्या बाबतीत तो स्वतः आत शिरून दुरुस्ती करू शकतो आणि ती जगभर पोहोचवू शकतो. लिनक्सभोवती गेल्या तीन दशकांत जमलेल्या गोतावळ्याचे सारे रहस्य या फरकात आहे.

आधी लिपी वाकली

यंत्र आणि देवनागरी यांचे भांडण संगणकाच्या फार आधीचे आहे, आणि त्यात रत्नागिरीचा वाटा मोठा आहे. देवनागरी छापायची तर जोडाक्षरे, काना-मात्रा, रफार, उकार या सगळ्यांसाठी शेकडो निरनिराळे खिळे लागत. इंग्रजी छापखान्यातला जुळारी जिथे मोजक्या पेट्यांत भागवी, तिथे मराठी जुळाऱ्याभोवती पेट्यांचा पसारा असे. १८५६ मध्ये रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनी 'केसरी'साठी हे खिळे कमी करण्याचा खटाटोप केला होता. पुढे १९२४ ते १९३७ या काळात रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या सावरकरांनी लिपिशुद्धीचा आग्रह धरला. 'इ', 'ई', 'उ', 'ए' ही स्वतंत्र अक्षरे टाकून 'अि', 'अी', 'अु', 'अे' अशी 'अ'चीच बाराखडी चालवावी, म्हणजे छपाईचे यंत्र सुटसुटीत होईल, हा त्यामागचा एक प्रमुख विचार होता. काही पुस्तकांत ती लिपी आजही पाहायला मिळते.

हे दोन्ही प्रयत्न एका दिशेचे होते. यंत्र परदेशातून आलेले, ते बदलणे आपल्या हाती नाही. तेव्हा लिपीने वाकावे. त्या काळी दुसरा मार्गही दिसत नव्हता.

एका विद्यार्थ्याचा छंद

संगणक सुरू केल्यापासून पडद्यावर अक्षर उमटेपर्यंत जी मूळ आज्ञावली सर्व कारभार पाहते, तिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही प्रणाली घडवली. ती इतकी उत्तम होती की विद्यापीठांनी आणि मोठ्या कंपन्यांनी ती उचलून धरली. पण तिचे परवाने महाग होत गेले आणि आतील मजकूर, म्हणजे सोर्स कोड, कुलूपबंद झाला. याला वैतागून रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. युनिक्ससारखीच, पण कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता येईल अशी प्रणाली उभारायची, हा त्यांचा संकल्प. १९८९ मध्ये त्यांनी त्यासाठी जीपीएल हा परवाना लिहिला. त्यातील मेख अशी की, जो बदल करून आज्ञावली इतरांना देईल, त्याने त्या बदलाचा सोर्स कोडही खुला ठेवला पाहिजे. घ्यायचे आणि दार लावून बसायचे, हे चालणार नाही.

ग्नूची बरीच अवजारे तयार झाली, पण प्रणालीचा गाभा काही पूर्ण होईना. तो आला अनपेक्षित ठिकाणाहून. २५ ऑगस्ट १९९१ रोजी फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा २१ वर्षांचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने आपण छंद म्हणून एक लहानशी प्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले आणि लोकांच्या सूचना मागवल्या. सूचना आल्या आणि त्यांच्या मागोमाग दुरुस्त्याही आल्या. १९९२ मध्ये त्याने या गाभ्याला जीपीएल परवाना लावला, आणि सुमारे दहा हजार ओळींपासून सुरू झालेला हा छंद आज तीन कोटींहून अधिक ओळींचा झाला आहे. नोव्हेंबर २०१७ पासून जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांपैकी एकूण एक लिनक्सवर चालतात. अँड्रॉइड मोबाइलच्या पोटातही तोच गाभा आहे. 'लिनक्स आम्ही कधी वापरले नाही' असे सांगणाऱ्या बहुतेकांच्या खिशात ते असतेच.

इंग्रजीत 'फ्री' या शब्दाचे फुकट आणि मुक्त असे दोन्ही अर्थ होतात आणि त्यावरून तिकडे आजही वाद झडतात. मराठीत दोन वेगळे शब्द असल्याने आपली त्यातून सुटका झाली आहे. लिनक्स बहुधा फुकट मिळते, पण ते मुक्त आहे हे महत्त्वाचे. रत्नागिरीच्या जिल्हा नगर वाचनालयाची परंपरा १८२८ पासूनची. अशा जुन्या वाचनालयातील ग्रंथ चाळताना समासात पेन्सिलीने केलेल्या दुरुस्त्या आढळतात. कोण्या जाणकार वाचकाने छपाईची चूक सुधारलेली असते, पण ती सुधारणा त्या एका प्रतीतच राहते. समासातली टीप पुढच्या आवृत्तीच्या प्रत्येक प्रतीत छापली जाण्याची सोय म्हणजे मुक्तस्रोत. अर्थात, टीप योग्य आहे की नाही हे पाहणारे संपादक तिथेही असतात आणि ते चांगलेच कडक असतात.

पाकिटातून आलेली प्रणाली

महाराष्ट्रात हे वेड प्रथम मुंबई-पुण्यात रुजले. दोन्ही शहरांत १९९० च्या दशकातच वापरकर्त्यांचे गट उभे राहिले. पुण्यात सिम्बायोसिसच्या संगणक संस्थेत 'ग्नूनिफाय' हा मेळावा वर्षानुवर्षे भरत असे. शनिवारी एखाद्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत जमायचे, कोणाच्या तरी हट्टी संगणकावर प्रणाली चढवून द्यायची, चहा प्यायचा, वाद घालायचे असा एकूण रिवाज. 'पीसी क्वेस्ट' या मासिकाने १९९० च्या दशकात अंकासोबत लिनक्सच्या सीडी वाटल्या, आणि देशातील कित्येकांची या प्रणालीशी पहिली भेट त्या सीडीतून झाली. या मोहिमेतील एक अग्रणी अतुल चिटणीस यांनी पुढे बंगळूरूमध्ये मुक्तस्रोत कार्यकर्त्यांची मोठी परिषद नावारूपाला आणली. २०१३ मध्ये त्यांचे निधन झाले.

लहान शहरांची गोष्ट वेगळी होती. रत्नागिरीत १९९६ मध्ये फिनोलेक्स अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले आणि १९९८ मध्ये कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली, तरी माहितीची गाडी टेलिफोनच्या तारेवरूनच यायची. त्या काळच्या ५६ किलोबिट वेगाच्या जोडणीवर ७०० मेगाबाइटची एक सीडी उतरवून घ्यायची तर, तार एकदाही न तुटता, सुमारे अठ्ठावीस तास लागले असते. तार न तुटणे आणि वीज न जाणे या दोन्ही अटी कोकणच्या पावसाळ्यात कवीकल्पनाच. बीएसएनएलची ब्रॉडबँड सेवा देशात २००५ मध्ये आली. तोवर आणि त्यानंतरही काही वर्षे उबुंटू या लिनक्स आवृत्तीच्या सीडी टपालाने, विनामूल्य, मागेल त्या पत्त्यावर पाठवल्या जात. २०११ मध्ये ही योजना बंद झाली. परदेशी शिक्क्याचे पाकीट घेऊन दारात आलेला पोस्टमन, ही अनेक लहान गावांतल्या विद्यार्थ्यांची लिनक्सची पहिली आठवण असते.

सीडी आली, प्रणाली चढली, पण ती बोलत होती इंग्रजी.

एका 'र'ची दुरुस्ती

संगणकावर मराठी अक्षर नीट उमटण्यासाठी चार गोष्टी जुळून याव्या लागतात. अक्षरांना ठरलेले क्रमांक हवेत, टंक म्हणजे फॉन्ट हवा, कळफलक हवा, आणि साठवलेल्या क्रमांकांतून जोडाक्षरे घडवणारी आज्ञावली हवी. या चौथ्या घटकाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही आणि खरी मारामारी तिथेच होते.

१९९१ मध्ये आलेल्या युनिकोड या जागतिक संकेतात देवनागरीला १२८ घरे मिळाली. त्याआधी, आणि मराठीत तर त्यानंतरही दीड दशक, प्रत्येक कंपनीच्या टंकाचे क्रमांक निराळे होते. एका टंकात लिहिलेला मजकूर दुसऱ्यात उघडला की गिचमिड दिसे. वृत्तपत्रांची संकेतस्थळेही आपापल्या टंकांत असत आणि त्यांतील काही एका विशिष्ट ब्राउझरखेरीज उघडतच नसत. लिनक्स वापरणाऱ्याला आपलेच दैनिक पडद्यावर वाचता येत नसे. फायरफॉक्स ब्राउझरसाठी 'पद्म' नावाचे एक मुक्तस्रोत पूरक साधन होते. ते असा मजकूर जागच्या जागी युनिकोडमध्ये बदलून दाखवी, आणि अनेकांचे काम त्यावर चाले.

युनिकोड केवळ अक्षरे आणि त्यांचा क्रम साठवतो. 'र', हलन्ताचे चिन्ह आणि 'य' असे तीन क्रमांक एकापुढे एक आले की त्यांचे काय चित्र काढायचे, हे आज्ञावली ठरवते. नियम सांगतो, रफार काढा. मग 'दऱ्या'तला आडवा 'र' कसा मागायचा? पापणीसारखा दिसतो म्हणून युनिकोडच्या मंडळींनी त्याला 'पापणीचा र' म्हटले आणि त्यासाठी दोन वाटा ठेवल्या. एक, 'र' आणि हलन्तानंतर डोळ्यांना न दिसणारा, रुंदी नसलेला एक सांधा टाकायचा. दोन, द्राविडी भाषांतील उच्चार दाखवण्यासाठी असलेले 'ऱ' हे अक्षर वापरून त्याचा पाय मोडायचा. १९८६ मध्ये ठरलेल्या इन्स्क्रिप्ट कळफलकावर 'र'च्याच कळीवर, शिफ्ट दाबून, हा 'ऱ' मिळतो.

कागदावरची ही व्यवस्था टंकांनी आणि आज्ञावल्यांनी पाळायला हवी होती. २००० च्या दशकाच्या आरंभी अनेक ठिकाणी ती पाळली जात नव्हती. मग सुरू झाला तो किरकिऱ्या, चिकाटीचा व्यवहार, ज्यावर मुक्तस्रोताचे सारे विश्व चालते. चुकीची नोंद करायची. सोबत पडद्याचे चित्र जोडायचे. 'हे चिन्ह हिंदीत नसते, मग हवे कशाला?' या प्रश्नाला न चिडता उत्तर द्यायचे. शक्य असेल तर दुरुस्तीच्या चार ओळी स्वतः लिहून पाठवायच्या, आणि देखरेख करणाऱ्याने त्या स्वीकारेपर्यंत पाठपुरावा करायचा. 'ॲ' या अक्षराचीही अशीच कथा. 'ॲड्रेस', 'ॲसिड' असे शब्द मराठी माणूस रोज लिहितो, पण युनिकोडमध्ये या अक्षराला स्वतंत्र घर मिळाले ते २००८ मध्ये.

टंकांच्या बाबतीत मोठे पाऊल २००४ मध्ये पडले. रेड हॅट या लिनक्स कंपनीने पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेककडून भारतीय भाषांचे टंक मिळवून ते जीपीएल परवान्याखाली खुले केले. त्यांचे नाव 'लोहित', म्हणजे तांबडा. मराठीचा 'ल' आणि 'श' हिंदीहून वेगळ्या वळणाचे असतात, आणि राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठी वळणच प्रमाण ठरवले. मजकूर मराठी असल्याचे प्रणालीला कळले की तेच वळण उमटावे, अशी सोय टंकात असावी लागते. २०११ मध्ये लोहित टंक अधिक सैल परवान्याखाली आले. त्यानंतर मुंबईच्या 'एक टाइप' या गटाने 'मुक्त' आणि 'बलू' यांसारखे देखणे खुले टंक दिले.

ही सारी गोष्ट निःस्वार्थ स्वयंसेवेची म्हणून सांगण्याचा मोह होतो, पण ते अर्धेच खरे ठरेल. रेड हॅटच्या पुण्यातील भाषा-विभागात पगारी माणसे होती. 'सी-डॅक'ने २००७ मध्ये 'बॉस' ही भारतीय भाषांतील लिनक्स आवृत्ती काढली ती सरकारी पैशातून. विकत मिळणाऱ्या प्रणालींमध्येही मराठी आली आणि ती बऱ्यापैकी चालते, हेही मान्य केले पाहिजे. फरक आहे तो दुरुस्तीच्या वेगात आणि तिच्या प्रवासात. रुपयाचे '₹' हे चिन्ह भारत सरकारने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले. १० ऑक्टोबर २०१० रोजी आलेल्या उबुंटूच्या आवृत्तीत ते होते. विंडोजच्या वापरकर्त्यांना त्यासाठीची भर मे २०११ मध्ये मिळाली.

प्रवासाचे उदाहरण तर त्याहून बोलके आहे. जोडाक्षरे घडवणाऱ्या मुक्त आज्ञावल्यांचे काम पुढे 'हार्फबझ' या एका प्रकल्पात एकवटले. अक्षर आणि खुले या अर्थाच्या दोन फारसी शब्दांवरून हे नाव आले. ही आज्ञावली आज लिनक्सबरोबरच फायरफॉक्स, क्रोम, लिबरऑफिस आणि अँड्रॉइड यांतही वापरली जाते. मिरकरवाड्यात जेटीवर उभ्या असलेल्या माणसाच्या मोबाइलवर 'वाऱ्यामुळे नौका किनाऱ्यावर' हा निरोप न तुटता उमटतो, तो अशा सामायिक कामामुळे. इथे लिपी वाकली नाही, यंत्राला वाकावे लागले.

'फाइल' की 'धारिका'?

अक्षरे उमटू लागली की प्रश्न येतो शब्दांचा. लिनक्सच्या पडद्यावरील प्रत्येक सूचना एका साध्या मजकूर-फाइलमध्ये असते. वर मूळ इंग्रजी वाक्य, खाली रिकामी जागा. भाषांतरकाराने ती भरायची. त्यासाठी संगणकशास्त्राची पदवी लागत नाही, चांगली मराठी मात्र लागते. ग्नोम आणि केडीई या लिनक्सच्या दोन प्रमुख दर्शनी रूपांचे मराठीकरण २००० च्या दशकात याच पद्धतीने झाले. डेबियन ही १९९३ पासूनची जुनी आवृत्ती तर संगणकावर चढवतानाच मराठीत प्रश्न विचारू शकते.

अशी हजारो वाक्ये. आणि जवळपास प्रत्येकावर मतभेद. 'फाइल' ठेवावे की 'धारिका' म्हणावे? 'फोल्डर' की 'संचयिका'? 'पासवर्ड', 'गुप्तशब्द' की 'परवलीचा शब्द'? 'सेव्ह'साठी 'जतन करा' आणि 'साठवा' हे दोन्ही पुढे येतात. 'डिलीट'साठी 'काढून टाका', 'नष्ट करा', 'हटवा'. यातला 'नष्ट करा' हा शब्द नवख्या माणसाला घाबरवतो, असाही एक आक्षेप. एकाने एका जागी 'जतन' आणि दुसऱ्याने दुसऱ्या जागी 'साठवा' लिहिले, तर वापरणाऱ्याचा गोंधळ ठरलेला. यावर उपाय म्हणून २००८ मध्ये पुण्यातून 'फ्युएल' हा उपक्रम निघाला. रोज डोळ्यांसमोर येणाऱ्या पाचशेहून अधिक संज्ञांची यादी करायची आणि भाषातज्ज्ञ, भाषांतरकार व वापरकर्ते यांनी एकत्र बसून प्रत्येकीला एक मराठी प्रतिशब्द ठरवायचा, अशी ती योजना.

शब्दांखेरीज बारीकसारीक अडचणी अनंत. संगणकाने वापरणाऱ्याशी 'तू' म्हणून बोलावे की 'तुम्ही'? 'तुम्ही'वर सर्वांचे एकमत झाले. इंग्रजी शब्दातील एखादे अक्षर दाबून आज्ञा देण्याची सोय मराठी शब्दात कशी बसवायची? शेवटी 'फाइल' या शब्दापुढे कंसात एक रोमन अक्षर ठेवण्याची तडजोड झाली. ती देखणी नाही, पण काम भागते. नावांची यादी अकारविल्हे लावायची तर मराठी कोशांप्रमाणे 'ळ', 'क्ष', 'ज्ञ' शेवटी यायला हवेत, त्यासाठी स्वतंत्र नियम लिहावा लागतो. आकड्यांतील स्वल्पविराम लाख-कोटींप्रमाणे पडायला हवेत, तोही वेगळा नियम.

दर सहा महिन्यांनी नवे पान

हे काम एकदा करून संपत नाही, ही यातली खरी अडचण आहे. ग्नोमची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी निघते. जुनी वाक्ये बदलतात, नवी येतात. भाषांतर करणारा हात थांबला की मराठी पडद्यावर मध्येच एक इंग्रजी ओळ दिसू लागते, पुढच्या आवृत्तीत दोन, मग चार. घराच्या कौलांसारखाच हा प्रकार. दर पावसाळ्याआधी कोणीतरी वर चढावे लागते. कंपन्यांचे अग्रक्रम बदलले, मोबाइल आला, तरुणांचा उत्साह इतर क्षेत्रांकडे वळला, आणि मराठी लिनक्सच्या कौलांवर चढणारे हात पूर्वीइतके राहिले नाहीत. केरळने शाळांतील संगणक शिक्षण मुक्तस्रोतावर आणल्यामुळे तिथे मल्याळम लिनक्सला कायमचा वापरकर्ता मिळाला. मराठीला तसा मिळाला नाही, आणि वापरणारे नसतील तर चुका खुपणारही कोणाला?

शिकण्याची साधने मात्र आता घरपोच आहेत. मुंबई आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात, प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने, लिनक्स आणि लिबरऑफिससह अनेक मुक्त आज्ञावल्यांचे साधारण दहा-दहा मिनिटांचे पाठ तयार झाले. त्यांतील बरेच मराठी आवाजात ऐकता येतात. शिक्षक नसतानाही विद्यार्थ्याने पाठ पाहत संगणकावर सोबत काम करावे, अशी त्यांची रचना आहे. इंटरनेट सतत सुरू असण्याचीही गरज नाही, एकदा उतरवून घेतले की पुरे. टपालाच्या पाकिटावर विसंबण्याचे दिवस गेले. रत्नागिरीतल्या एखाद्या विद्यार्थ्याला आज संपूर्ण प्रणाली मोबाइलच्या जोडणीवर काही मिनिटांत मिळते, आणि भाषांतराची रिकामी ओळ भरून पाठवायला पुण्या-मुंबईला जावे लागत नाही.

कामही पडून आहे. पापणीच्या 'र'चेच पाहा. त्याच्या दोन्ही वाटा आजही चालू आहेत. एकाने अदृश्य सांधा टाकून 'किनाऱ्यावर' लिहिले आणि दुसऱ्याने 'ऱ' वापरून, तर पडद्यावर दोन्ही शब्द तंतोतंत सारखे दिसतात. पण साठवलेले क्रमांक वेगळे असल्याने साध्या शोधाला एक सापडला तरी दुसरा सापडत नाही. शब्दलेखन तपासणाऱ्या आज्ञावलीच्या कोशात एकच रूप असेल, तर ती दुसऱ्याखाली लाल रेघ ओढते. जुन्या मजकुरात पहिली पद्धत, नव्यात दुसरी, असे सरमिसळ साहित्य महाजालावर वाढत चालले आहे. दोन्ही रूपे एकच मानावीत, एवढीच ही दुरुस्ती आहे. ती प्रत्येक आज्ञावलीत वेगवेगळी करावी लागते, आणि तिची नोंदही आधी कोणीतरी मराठी माणसानेच करावी लागते.